काचेवर लिहावं की कीबोर्डवर?

टॅबवर मराठी लिहिता येतं का, हा प्रश्न जुना झाला. स्वाइप आहे, बोलून लिहायची सोय आहे, अर्धा शब्द लिहिला की उरलेला तोच सुचवतो. रोज पान-दोन पानं लिहायची असतील तर कशावर लिहावं, एवढंच ठरवायचं उरतं.

टॅबच्या बाजूनं एक गोष्ट आधीच मान्य करतो. इनस्क्रिप्ट, म्हणजे कीबोर्डवर देवनागरी अक्षरांची ठरलेली मांडणी, येत नसेल, तर काच, म्हणजे टॅबच्या पडद्यावरचा कीबोर्ड, जास्त सोयीची. अक्षरं समोर दिसतात, शिफ्ट दाबलं की क च्या जागी ख येतो. साध्या कीबोर्डवर बहुधा फक्त रोमन अक्षरं छापलेली असतात; देवनागरी एकतर पाठ असावी लागते, नाहीतर स्टिकर चिकटवावे लागतात. पडल्यापडल्या चार ओळींचं उत्तर द्यायला, कोणाची झोप न मोडता लिहायला टॅबच बरा.

पण मला काचेवर एका गोष्टीनं फार छळलं: बोटं टेकवता येत नाहीत. कीबोर्डवर एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात. इनस्क्रिप्टमध्ये एफवर ऱ्हस्व वेलांटी आणि जेवर र. तर्जन्या तिथे विसावल्या की डाव्या मधल्या बोटाखाली हलन्त येतो, उजव्या मधल्या बोटाखाली क. ‘प्रकार’ लिहायला फक्त काना वरच्या ओळीत, बाकी सगळं त्याच ओळीत. काचेवर बोट टेकलं की अक्षर उमटतं, म्हणून हात सतत अधांतरी. शिवाय बोटांना काही जाणवत नसल्यानं नजर कळांवरच खिळते. आपण काय लिहिलं ते ओळ संपल्यावर वर पाहावं तेव्हा कळतं, आणि तोवर सुचवण्याच्या उत्साहात टॅबनं ‘पाणी’चं ‘पानी’ केलेलं असतं. मग तो ‘न’ गाठायला कर्सर बोटाखालीच लपतो. (स्पेसबार दाबून धरून कर्सर सरकवता येतो बऱ्याच टॅबवर, तेवढं शिकून घ्याच.) वाक्य मनात जुळत असताना हे होतं, त्याची मला चीड येते. एखाद्याला याचं काही वाटणारही नाही.

टॅब आडवा धरला की कीबोर्ड जवळपास अर्धा पडदा खातो, त्याबद्दल तर बोलतच नाही.

टॅबला ब्लूटूथ कीबोर्ड जोडणं हा मधला मार्ग चांगला आहे, पण दोन गोष्टी बघून घ्या. कव्हरला जोडलेले काही कीबोर्ड मांडीवर डुलतात, टेबल लागतंच. दुसरं म्हणजे, पडद्यावरच्या कीबोर्डवर रोमनमधून मराठी उमटत असेल, तरी बाहेरचा कीबोर्ड जोडल्यावर ती सोय टिकेलच असं नाही. शक्य असेल तर घेण्याआधी तुमच्याच टॅबला जोडून एक परिच्छेद लिहून पाहा, भरपूर जोडाक्षरं असलेला.