आंब्याची साल घालून नेपियरचा मुरघास: सहा महिन्यांचा अनुभव

माझ्याकडे चार संकरित गाई आणि विहिरीच्या पाण्यावर अर्धा एकर नेपियर, म्हणजे चाऱ्याचं उंच गवत. मुरघास म्हणजे हिरवा चारा बारीक कापून, हवाबंद पिशवीत आंबवून टिकवायचा. नुसत्या नेपियरचा मुरघास मला कधी साधलाच नव्हता. मक्याएवढी साखर त्यात नसते, पाणी मात्र भरपूर. त्यामुळे आंबायच्या ऐवजी कुजतो. म्हणून मे महिन्यात रत्नागिरीकडच्या एका कॅनिंग कारखान्यातून आंब्याची साल आणली. साल फुकट, टेम्पोभाडं तेवढं माझं.

पहिल्या दोन पिशव्या वाया गेल्या. सकाळी कापलेला हिरवागार नेपियर तसाच कडबाकुट्टीत, म्हणजे चारा कापायच्या यंत्रात घातला आणि ओली साल मिसळून भरला. आठवड्यातच तळाशी तपकिरी पाणी साचलं. दीड महिन्यानं तोंड सोडलं तर गोठ्यात उभं राहवेना. गाईंनी नुसतं हुंगलं आणि मान फिरवली. सगळं उकिरड्यात गेलं, फार जिवाला लागलं.

साल साखर देते, पण तीही ओलीच. पाण्याचा बंदोबस्त आपल्यालाच करावा लागतो. पुढच्या दहा पिशव्यांना कापलेला नेपियर दिवसभर उन्हात सुकवला. अशा 100 किलो नेपियरला 10 किलो साल आणि 5 किलो भाताच्या पेंढ्याची कुट्टी. मूठभर मिश्रण घट्ट दाबायचं: बोटांतून पाणी गळता कामा नये आणि मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला पाहिजे. मग पायानं तुडवून, हवा काढून बांधायचं. साल त्याच दिवशी वापरा, रात्रभर ठेवली की दारूसारखा वास येतो. कोयी वेचून काढा, गाईच्या घशात अडकतात.

जुलैत पहिली चांगली पिशवी उघडली. पिवळसर हिरवा रंग, कैरीच्या लोणच्यासारखा आंबट वास. आई म्हणाली, "हे तर माणसानं खावं असं आहे!" गाईंना 2 किलोपासून सुरुवात करून पंधरा दिवसांत 12 किलोवर नेलं, एकदम दिला असता तर पोट बिघडलं असतं. दूध एकदम वाढलं असं सांगणार नाही. पण श्रावणातल्या पाणचट गवतावर दरवर्षी पातळ व्हायचं ते शेण यंदा बांधून राहिलं, दूधही टिकलं. सालीत प्रथिनं नावालाच, त्यामुळे पेंड कमी केली नाही.

उंदीर हा मोठा त्रास. गोड वासानं येऊन त्यांनी तीन पिशव्या कुरतडल्या. भोकाभोवती वीतभर पांढरी बुरशी धरली, तेवढा भाग मी टाकून दिला. 500 किलोची पिशवी चार गाईंना दहा दिवस पुरते. यापेक्षा मोठी घेऊ नका, उघडा थर गरम व्हायला लागतो.

येत्या मे महिन्यासाठी पेंढा आत्ताच माळ्यावर चढवून ठेवलाय आणि पिशव्यांखाली घालायला लाकडी फळ्याही आणल्यात.