मॉड्युलर किचन : धायरीतल्या घराचा खर्च आणि एका स्थानिक कारखान्याच्या कामाचे परीक्षण

बिल्डरने दिलेला काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, त्याखाली कडाप्प्याचे कप्पे आणि वर आरसीसीचा माळा, अशी पुण्यातल्या पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या कित्येक सदनिकांमधली स्वयंपाकघरे आहेत, आणि आमचे धायरीतले स्वयंपाकघरही त्यांतलेच होते. ते मोडून मॉड्युलर किचन करायचे ठरल्यावर आम्ही एका मोठ्या कंपनीची शोरूम, एक ऑनलाइन इंटिरिअर कंपनी आणि नऱ्ह्यातला एक लहान कारखाना अशा तीन ठिकाणांहून कोटेशन मागवले आणि काम अखेर कारखान्याला दिले. पावसाळ्याचा दमटपणा आणि दिवाळीच्या फराळाचा राबता हे दोन्ही या किचनने सोसून झाले असल्याने त्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल, असे वाटते.

कारखाना निवडण्याचे मुख्य कारण त्याच्या कोटेशनचा कागद हे होते. शोरूमच्या कोटेशनमध्ये कपाटांच्या आतल्या पेटीसाठी, म्हणजे ज्याला या धंद्यात कॅरकस म्हणतात त्यासाठी, ‘इंजिनिअर्ड वूड’ एवढेच मोघम लिहिले होते. या नावाखाली लाकडाच्या भुशाच्या पार्टिकल बोर्डपासून एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) आणि एचडीएचएमआर (त्याचाच अधिक घट्ट, ओलावा सोसणारा प्रकार) यांपर्यंत काहीही बसू शकते, आणि यांची किंमत व पाण्यापुढे टिकण्याची ताकद यांत फार मोठा फरक आहे. पार्टिकल बोर्डमध्ये पाणी शिरले की तो फुगतो, आणि एकदा फुगला की त्यात स्क्रू धरत नाही. मग बिजागरी कितीही चांगली असली तरी दार लोंबकळते. ऑनलाइन कंपनीने संगणकावर सुरेख चित्रे काढून दिली, पण ड्रॉवरच्या चॅनलची, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्ट्यांची, कंपनी कोणती, या प्रश्नाचे लेखी उत्तर शेवटपर्यंत दिले नाही. कारखान्याच्या कागदावर मात्र प्रत्येक कपाटासमोर रुंदी, उंची, खोली, प्लायचा दर्जा, जाडी, चॅनलचा प्रकार आणि त्याची भारक्षमता वेगवेगळी मांडलेली होती. किचनवाल्याची पहिली परीक्षा इथेच होते, असे माझे मत आहे. जो माणूस काय वापरणार हे लिहून देत नाही, त्याच्या दराची तुलना कोणाशीच करता येत नाही.

दराविषयी थोडे सविस्तर सांगणे गरजेचे आहे, कारण ग्राहकाची सर्वांत जास्त गफलत इथेच होते. काही जण रनिंग फुटाचा, म्हणजे ओट्याच्या लांबीच्या दर फुटाचा, दर सांगतात, तर काही जण दर्शनी भागाच्या चौरस फुटाचा. चौरस फुटाला १,५०० रुपये हा दर रनिंग फुटाला ३,५०० रुपयांच्या तुलनेत स्वस्त वाटतो. पण ओट्याखालच्या कपाटाची उंची अडीच फूट धरली, तर चौरस फुटाचा तो दर रनिंग फुटाला ३,७५० रुपये पडतो. शिवाय या दरात ड्रॉवरचे चॅनल, बिजागऱ्या आणि बास्केट धरल्या आहेत की नाहीत, हे वेगळे विचारावे लागते. बहुतेक वेळा त्या धरलेल्या नसतात.

आमचा ओटा इंग्रजी एल आकाराचा आहे, एक बाजू दहा फूट आणि दुसरी सात. कोपऱ्यातली दोन फुटांची जागा दोनदा न मोजता खालची कपाटे पंधरा फूट भरली आणि १,५०० रुपयांच्या दराने ५६,२५० रुपये झाले. वरची कपाटे अकरा फूट लांब, दोन फूट उंच, १,३०० रुपये दराने २८,६००. माळा आधीच असल्यामुळे त्याला फक्त चौकट आणि दारे बसवली. त्याचे ७०० रुपये दराने १५,४०० झाले. सात सॉफ्ट-क्लोज ड्रॉवरचे ३६,४०० आणि बिजागऱ्या, वर उचलून उघडणाऱ्या दारांचे पिस्टन, चमच्यांचा ट्रे व हँडल यांचे १८,३५० धरून बेरीज १,५५,००० झाली. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २७,९००. कारखान्याचे बिल असे १,८२,९०० रुपयांचे होते.

किचनचा खर्च मात्र एवढ्यावर थांबला नाही. जुना ओटा फोडणे, राडारोडा उचलून नेणे, नवा ग्रॅनाइट, सिंक, नळाची आणि विजेची जागा बदलणे, डाडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीच्या, फरशा या सगळ्याला ६२,००० रुपये लागले आणि चिमणीला १८,०००. एकूण २,६२,९०० रुपयांपैकी जवळजवळ तीस टक्के रक्कम किचन कंपनीच्या कोटेशनमध्ये सहसा नसते. ‘दोन लाखांत किचन’ अशा जाहिराती पाहून पैशांची जुळवाजुळव करणाऱ्यांनी हा भाग आधी हिशेबात धरावा. कारखान्याच्या मालकांनी पहिल्याच भेटीत “ताई, आमचं बिल म्हणजे पूर्ण खर्च नाही, गवंडी-प्लंबरचं वेगळं धरा,” असे स्पष्ट सांगितले होते, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

ओटा फोडायचा की ठेवायचा, हा प्रश्न अनेक घरांत वादाचा होतो. कडाप्पा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि सिंकमधून गळले तरी त्याला काही होत नाही. त्यामुळे ओटा चांगल्या स्थितीत असेल आणि हाताशी लाखभरच रुपये असतील, तर कप्पे तसेच ठेवून त्यांत ट्रॉल्या बसवून घ्याव्यात आणि समोर दारे लावावीत, हा सल्ला मी कोणालाही बिनदिक्कत देईन. तोटा इतकाच की, कप्पे गवंड्याने हाताने केलेले असल्याने त्यांची मापे एकसारखी नसतात, आणि प्रत्येक कप्प्यात चॅनल व फटींसाठी जागा सुटून ट्रॉली अरुंद होते. आमच्या कप्प्यांमध्ये वर आणि खाली अर्ध्या इंचाचा फरक होता, आणि मुख्य म्हणजे ओटा ३२ इंच उंचीचा असल्यामुळे घरातल्या उंच माणसाची पाठ भरून येत असे. कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा असावा, हा साधारण नियम आहे; परंतु आपल्याकडे ओट्यावर उभे राहून पोळ्या लाटल्या जातात आणि लाटताना वरून जोर द्यावा लागतो, त्यामुळे पोळपाटाची उंची त्यात मिळवूनच माप घ्यावे. आम्ही ३४ इंच ठेवला आणि तो घरातल्या सगळ्यांना सोयीचा पडतो.

आता साहित्याविषयी. प्लायमध्ये बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) दर्जाच्या, आयएस ७१० या मानकाच्या १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायचा आग्रह आम्ही धरला. या मानकाच्या प्लायचे नमुने ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासले जातात. आयएस ३०३ या मानकाचा प्ला​य त्याहून स्वस्त असतो, आणि वरच्या कपाटांना, जिथे पाण्याचा संबंध नाही तिथे, तो पुरेसा आहे. आमच्या वरच्या कपाटांचा दर कमी आहे तो त्यामुळेच. प्लायच्या तावावर आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो आणि बीआयएस केअर या सरकारी ॲपवर तो टाकला की उत्पादकाचे नाव दिसते. आम्ही कारखान्यात जाऊन, कापण्यापूर्वी, तावांवरचे क्रमांक पाहिले. लॅमिनेट चिकटल्यानंतर आत काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून ही एक फेरी चुकवू नये.

स्टीलच्या बास्केटबाबत बाजारात लोहचुंबक लावून दाखवण्याची पद्धत आहे. चुंबक चिकटला नाही म्हणजे माल ३०४ या चांगल्या, सहसा न गंजणाऱ्या दर्जाचा, असे सांगितले जाते. परंतु २०२ दर्जाच्या, कमी निकेल असलेल्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे या चाचणीने दोघांतला फरक कळत नाही. तो रसायनाचा थेंब टाकून कळतो, आणि चांगल्या विक्रेत्याकडे ती बाटली असते. पुण्यात २०२ काही वर्षे निभावून नेईल. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात खाऱ्या हवेमुळे त्याला लवकर तांबेरा धरतो, तिथे ३०४ शिवाय दुसरे घेऊ नये.

तारेच्या बास्केट आम्ही फक्त कांदे-बटाटे आणि ताटे यांच्यासाठी घेतल्या. बाकी सर्व ठिकाणी सपाट तळाचे, बंद बाजूंचे ड्रॉवर केले, ज्यांना आपल्याकडे सरसकट टँडेम म्हणतात. तारेच्या बास्केटमध्ये छोट्या वाट्या कलंडतात, चमचे अडकतात आणि तारांच्या जोडांवर तेलकट धूळ बसते ती ब्रशशिवाय निघत नाही. सपाट ड्रॉवर ओल्या फडक्याने पुसला की झाला. हे ड्रॉवर साधारण ३० आणि ५० किलो भारक्षमतेत मिळतात; तांदूळ, कणीक आणि डाळींच्या डब्यांचा खालचा ड्रॉवर ५० किलोचाच घ्यावा. आमचा तो ड्रॉवर कणकेच्या भरलेल्या डब्यासह पूर्ण बाहेर ओढला तरी पुढून वाकत नाही आणि ढकलल्यावर शेवटच्या दोन बोटांच्या अंतरात आपोआप सावकाश मिटतो. हेटिच, हाफेले, ब्लूम आणि आपल्याकडची एब्को या सर्वांचे चॅनल बाजारात आहेत. नाव कोणतेही निवडा, पण ते बिलावर लिहून घ्या आणि बसवताना खोक्यावर पाहा.

दर्शनी भागासाठी मालकांनी ॲक्रिलिक सुचवले होते. ते आरशासारखे चमकते आणि शोरूममध्ये डोळ्यांत भरते, पण त्यावर ओरखडे पडतात आणि बोटांचे ठसे दिवसभर दिसतात. पीव्हीसीचे मेंब्रेन, म्हणजे दारावर चढवलेला प्लॅस्टिकचा पातळ थर, शेगडीजवळच्या उष्णतेने कडेला सुटण्याची भीती असते. आम्ही एक मिलिमीटरचे, मंद पोताचे साधे लॅमिनेट घेतले, आणि वाचलेले पैसे ड्रॉवरमध्ये घातले. हळदीचा हात लागला तरी साबणाच्या पाण्याने डाग जातो. ज्यांचे अंदाजपत्रक तोकडे आहे त्यांनी दाराच्या दिखाव्यावर हात आखडता घ्यावा; प्लाय आणि चॅनल यांत काटकसर केली तर तिचा त्रास रोज होतो.

कारखान्याच्या कामातल्या उणिवाही सांगायला हव्यात. सिंकखालच्या कपाटाच्या मागच्या फळीला प्लंबरच्या पाइपसाठी भोके पाडली होती, ती उघडीच ठेवली होती; प्लाय कितीही चांगला असला तरी पाणी कापलेल्या कडेतूनच आत शिरते. कपाटांच्या समोरच्या कडांना दोन मिलिमीटरची पट्टी नीट बसवलेली होती, पण मागच्या, न दिसणाऱ्या कडा कोऱ्या होत्या. दाखवून दिल्यावर फिटरने भोके सिलिकॉनने भरली आणि मागच्या कडांना पट्टी लावून दिली, तीही वेगळे पैसे न मागता. तरी हे न सांगता व्हायला हवे होते. दुसरी उणीव कोपऱ्यातली. दोन्ही बाजूंचे ड्रॉवर कोपऱ्यात एकमेकांच्या हँडलला अडतात, म्हणून तिथे दोन-अडीच इंचांची रिकामी पट्टी सोडावी लागते. नकाशात ती नव्हती. बसवताना ती घालावी लागली आणि शेजारचा ड्रॉवर तेवढा अरुंद झाला, त्यात आता पोळपाट आडवा मावत नाही. नकाशा पाहताना आपले मोठे कुकर, उंच डबे, कढया आणि पोळपाट यांची मापे हातात घेऊन प्रत्येक ड्रॉवरचे आतले माप तपासावे, कारण कागदावर बाहेरचेच माप लिहिलेले असते.

वेळेच्या बाबतीत कारखाना दिलेल्या तारखेच्या जवळपास राहिला; उशीर झाला तो ग्रॅनाइटवाल्यामुळे. पैशांची अट अर्धी रक्कम आगाऊ, चाळीस टक्के माल घरी आल्यावर आणि दहा टक्के काम संपल्यावर अशी होती. शेवटचे दहा टक्के किचन महिनाभर वापरल्यावर देण्याची आमची विनंती त्यांनी मान्य केली, आणि वर सांगितलेल्या दुरुस्त्या तत्परतेने होण्यामागे त्या रकमेचाही वाटा असावा.

आमची कपाटे जमिनीवर टेकलेली नाहीत, तर चार इंच उंचीच्या प्लॅस्टिकच्या पायांवर उभी आहेत आणि पुढची स्कर्टिंगची पट्टी चिमट्यांवर बसते. ती ओढून काढली की खालून पाणी टाकून फरशी धुता येते आणि झुरळांचा बंदोबस्त करता येतो. ज्या घरांत सणावाराला फरशी धुतली जाते, तिथे याला पर्याय नाही. पावसाळ्यात दोन दारे थोडी घासू लागली होती, तेव्हा फिटर दादांनी येऊन बिजागरीचे तीन स्क्रू दार कसे वर-खाली, आत-बाहेर आणि डावी-उजवीकडे सरकवतात हे दाखवले. आता ते काम आम्हीच करतो.

हमी पाच वर्षांची लेखी आहे, पण पाण्याने झालेले नुकसान तीत धरलेले नाही. स्वयंपाकघरात नुकसान मुख्यतः पाण्यानेच होत असल्यामुळे ही अट मला अन्यायाची वाटते, आणि तिन्ही कोटेशनमध्ये ती जवळजवळ सारख्याच शब्दांत होती. तिच्यावर उपाय म्हणून लॅमिनेटचा कंपनी क्रमांक बिलावर लिहून घ्यावा, उरलेला एखादा तुकडा आणि कडेच्या पट्टीचे हातभर गुंडाळे मागून माळ्यावर ठेवून द्यावे. एखादे दार खराब झाले तर तेवढेच बदलता येते, आणि चार वर्षांनी तो रंग बाजारातून गेलेला असला तरी जुळणारा रंग शोधायला नमुना हाताशी असतो.