फ्लोरिडाचं नर्सिंग होम ॲडमिनिस्ट्रेटर लायसन्स: फी भरून नेमकं काय मिळतं

रेटिंग आधीच देऊन टाकते. रिन्यूअलच्या ऑनलाइन पोर्टलला साडेचार, कुणाचंही लायसन्स फुकट तपासता येतं त्या सोयीला पाचपैकी पाच, आणि या सगळ्याचा खर्च ज्या पद्धतीने आमच्याच खिशातून काढला जातो त्या पद्धतीला तीन. सरासरी काढू नका, तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

मी फ्लोरिडात नर्सिंग होम चालवते, मालकीण वगैरे नाही हो, पगारी ॲडमिनिस्ट्रेटर. वयस्कर आणि दीर्घ आजारी माणसं जिथे राहतात अशा जागेच्या प्रमुखाला इथे स्वतःच्या नावावर लायसन्स लागतं, आणि ते दर दोन वर्षांनी रिन्यू करायचं, सम वर्षाच्या ३० सप्टेंबरपर्यंत. फीचा आकडा इथे मुद्दाम देत नाहीये कारण तो बोर्डाच्या, म्हणजे आमची लायसन्सं बघणाऱ्या राज्याच्या मंडळाच्या, नियमाने बदलत राहतो, साइटवर जाऊन ताजा बघा. आपल्या मराठी ग्रुपमधल्या हेल्थकेअर मॅनेजमेंट केलेल्या बऱ्याच पोरापोरींनी विचारलं म्हणून लिहायला बसले.

रिन्यूअल स्वतः एकदम सोपं आहे. ४० तासांचं सीई, म्हणजे चालू शिक्षण, पूर्ण लागतं आणि ते सीई ब्रोकर नावाच्या सिस्टीममध्ये नोंदलेलं असायला हवं, नसेल तर पोर्टल पुढेच जाऊ देत नाही. हे मला आवडतं, कारण नंतर ऑडिटची चिठ्ठी आली म्हणून सर्टिफिकेटं शोधत बसायची भानगड नाही. सीई ब्रोकरचं फुकटवालं खातं पुरतं, ते पैशाच्या प्लॅनची जाहिरात दाखवत राहतात, दुर्लक्ष करा. माझी चिडचिड झाली ती एका कोर्स विकणाऱ्या कंपनीवर, नाव लिहित नाही, पैसे लगेच कापले आणि तास नोंदवायला मात्र इतका वेळ लावला की मी रोज उठून आधी तेच बघत होते. तर कोर्स शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. तारीख उलटली की लायसन्स डेलिंक्वेंट, म्हणजे थकीत, होतं, वर दंडाची फी, आणि पुढच्या दोन वर्षांच्या सायकलपर्यंतही काही केलं नाही तर ते कायमचं रद्दच होतं.

आता खरा मुद्दा, पैसा. फ्लोरिडाच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की आरोग्य क्षेत्रातल्या व्यवसायांवर देखरेख ठेवायचा सगळा खर्च फक्त लायसन्सधारकांनी आणि अर्जदारांनी उचलायचा. सगळा, थोडाफार नव्हे. अर्ज तपासणारे क्लार्क, तक्रारीचा तपास करणारे, केस लढवणारे सरकारी वकील, बोर्डाच्या मीटिंगा, सगळं आमच्या फीमधून. ती फी मेडिकल क्वालिटी ॲशुरन्स ट्रस्ट फंडात जाते. शिवाय विनालायसन्स काम करणाऱ्यांना पकडायला माणशी ५ डॉलर वेगळे घेतात, त्याबद्दल माझी एका पैशाची तक्रार नाही.

असं का, तर याचं मूळ वॉशिंग्टनमध्ये आहे. मेडिकेअर (मुख्यतः वयस्करांचा सरकारी आरोग्य विमा) आणि मेडिकेड (गरिबांचा, केंद्र आणि राज्य मिळून चालवतात तो) १९६५ ला आलं, नर्सिंग होममध्ये सरकारी पैसा वाहायला लागला आणि ती चालवणारा माणूस कोण, त्याला काय येतं, हे बहुतेक राज्यांत कुणी विचारतच नव्हतं. मग १९६७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, सोशल सिक्युरिटी कायद्यात दुरुस्ती करून मेडिकेड घेणाऱ्या राज्यांना सांगितलं की १ जुलै १९७० पासून ॲडमिनिस्ट्रेटरना लायसन्स द्यायची व्यवस्था हवी. परीक्षा घ्या, तक्रारी तपासा, नालायक माणसाचं लायसन्स काढून घ्या. छान. पण फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, नियमातच पुढे असंही आहे की लायसन्सिंग बोर्डाच्या या खर्चाला फेडरल वाटा मिळणार नाही. मेडिकेडच्या इतर प्रशासकीय कामांत निम्म्याच्या आसपास खर्च फेडरल सरकार देतं, इथे शून्य. हुकूम वरून, बिल खाली. राज्यांनी मग ते बिल आमच्याकडे सरकवलं, आणि राज्याच्या जागी मी असते तर मीही बहुधा तेच केलं असतं.

पद्धत मुळात चुकीची आहे असं मी म्हणत नाही. लायसन्समुळे पगार मिळतो तर त्याच्या देखरेखीचा खर्च आपण द्यावा हे मला पटतं, आणि आमदारांच्या मूडवर बोर्डाचं बजेट अवलंबून नसतं हा मोठा फायदा आहे. फी वाजवी असावी, व्यवसायात शिरायला अडसर होऊ नये आणि ती ठरवताना त्या व्यवसायातली संभाव्य कमाई बघावी, हेही कायद्यातच आहे. अडचण आकाराची आहे, कारण प्रत्येक व्यवसायाचा खर्च त्याच व्यवसायाच्या फीवर. नर्सेस या राज्यात लाखांत आहेत. नर्सिंग होमं साधारण सातशे, त्यामुळे आम्ही ॲडमिनिस्ट्रेटर त्या मानाने मूठभर. आठ फ्लॅटच्या सोसायटीत लिफ्ट बिघडली की कसं होतं तसं. २०१७ ला इर्मा वादळानंतर फ्लोरिडातल्याच हॉलिवूड गावातल्या एका नर्सिंग होममध्ये एसी बंद पडून १२ जणांचा जीव गेला, त्यानंतरच जनरेटरचा सक्तीचा नियम आला हे इथे सगळ्यांना माहितीये. तसल्या गुंतागुंतीचं एखादं प्रकरण ॲडमिनिस्ट्रेटरच्या लायसन्सपर्यंत आलं की वकील, तज्ज्ञ साक्षीदार, सुनावणी, आणि हा सगळा खर्च मूठभर लोकांच्या फीवर. दोषी ठरलेल्याकडून तपासाचा खर्च वसूल करतात, पण तो ठरल्यानंतर आणि त्याने दिला तर. आणि बोर्डाच्या खात्यात तूट आली तर सगळ्या लायसन्सधारकांवर एकवेळची जादा वर्गणी लावायची सोयही कायद्यात करून ठेवलीये. म्हणून मला भीती फी जास्त असण्याची नाही, उलटी आहे, की महाग केस समोर आली की कुणीतरी आधी फंडातली शिल्लक बघेल.

आणि मालक कुठे आहेत या सगळ्यात? स्टाफ किती ठेवायचा, बजेट किती, हे बऱ्याच ठिकाणी कॉर्पोरेट ऑफिस ठरवतं. इमारतीचं लायसन्स वेगळं, ते देणारं राज्याचं खातंही वेगळं, आहका (AHCA) नावाचं, त्याची फी मालक बेडच्या हिशोबाने भरतो. पण माणसाच्या लायसन्सच्या देखरेखीला मालकाचा थेट हातभार नाही. कुणी म्हणेल की कंपनी रिन्यूअलची फी परत देते ना, हो, बऱ्याच कंपन्या देतात, पण मग तो पैसा येतो कुठून, रहिवाशांच्या बिलातून आणि मेडिकेडच्या दरातून, म्हणजे शेवटी कराचाच. सगळं फीवर चालतं म्हणून करदात्याला याची झळ नाही असं कुणी म्हटलं तर ते अर्धंच खरं आहे. माझ्या मते छोट्या व्यवसायांच्या मोठ्या केसेससाठी राज्याने आपल्या जनरल फंडातून थोडी रक्कम बाजूला ठेवावी, नाहीतर बेडच्या फीमधला एक हिस्सा इकडे वळवावा. रोजचं काम फीवर चालू दे. आणि फंडाला कुंपण हवं. कॅलिफोर्नियाने तंगीच्या वर्षांत अशा परवान्यांच्या फंडांतून सरकारी तिजोरीसाठी उसने पैसे घेतलेले आहेत, ते बघता लायसन्सची फी लायसन्सच्याच कामाला लागतेय का हे लायसन्सधारकांनी दरवर्षी विचारायला हवं.

बोर्डाबद्दल एक चांगलं सांगते. सात जण असतात, गव्हर्नर नेमतो, त्यातले तीनच ॲडमिनिस्ट्रेटर, दोन इतर आरोग्य व्यवसायातले आणि दोन अगदी बाहेरचे सामान्य नागरिक, वर किमान एक जण साठ किंवा त्यापुढच्या वयाचा हवा. एकाच व्यवसायाचं बहुमत नसावं हा फेडरल नियम आहे. आमच्या फीवर चालणारं बोर्ड आमच्या खिशात जाऊ नये म्हणून हे फार गरजेचं आहे, आमच्यातल्या काहींना हे आवडत नाही ते सोडा.

ज्यांचे आईवडील किंवा सासूसासरे इथल्या नर्सिंग होममध्ये आहेत त्यांच्यासाठी, पाच स्टार दिलेली ती सोय वापराच. आरोग्य खात्याच्या साइटवर ॲडमिनिस्ट्रेटरचं नाव टाकलं की लायसन्स चालू आहे का, आधी काही शिस्तभंगाची कारवाई झालीये का, दिसतं. पैसे नाहीत, लॉगिन नाही. फक्त एक लक्षात ठेवा, पाटी कोरी दिसली म्हणजे तक्रारच आली नाही असं नव्हे. तक्रारीत तथ्य आहे असं ती तपासणाऱ्या पॅनेलने ठरवल्यावर दहा दिवसांनी ती जाहीर होते, तोवर सगळं गोपनीय. तक्रार करायलाही काही फी नाही, तो खर्च आम्ही भरलेलाच आहे, तेव्हा संकोच करू नका. मात्र इमारत, जेवण, स्टाफ कमी असणं याच्या तक्रारी आहकाकडे जातात आणि ॲडमिनिस्ट्रेटरच्या स्वतःच्या वागण्याची तक्रार आरोग्य खात्याकडे, लोक हमखास उलटं करतात आणि मग कागद इकडून तिकडे फिरत बसतो.

नवीन लायसन्स घेणाऱ्यांनी राज्याच्या फीवर बजेट बांधू नका. नॅबच्या (NAB, राज्यांच्या लायसन्सिंग बोर्डांची राष्ट्रीय संघटना) राष्ट्रीय परीक्षेचे पैसे वेगळे, फ्लोरिडाच्या कायदे-नियमांची परीक्षा वेगळी, आणि हेल्थकेअर ॲडमिनिस्ट्रेशनची पदवी असेल तर १००० तासांचं ट्रेनिंग किंवा कॉलेजची इंटर्नशिप, दुसरी पदवी असेल तर २००० तास. सगळ्यात महाग ते तासच पडतात, कारण ट्रेनिंगमध्ये पगार देणारी जागा मिळेलच असं नाही. टेक्सासवाल्यांनी विचारलं होतं, तिथे बोर्ड नाही, राज्याचं आरोग्य खातंच लायसन्स देतं, पण खर्च भागेल एवढी फी लावायची हे तत्त्व तेच, आणि रिन्यूअलला उशीर झाला तर पहिल्या ९० दिवसांत दीडपट, त्यानंतर वर्षभरापर्यंत दुप्पट.