मॉरिस मायनरला पुन्हा क्रॉस-प्लाय टायर : नागपूरच्या रस्त्यांवरचा अनुभव

आमच्या १९५३ सालच्या मॉरिस मायनर या छोट्या इंग्रजी गाडीला बरीच वर्षे रेडियल, म्हणजे आजच्या गाड्यांना असतात तसे, टायर होते. ते उतरवून आता मूळ पद्धतीचे, ट्यूबचे क्रॉस-प्लाय, म्हणजे आत दोऱ्यांचे तिरपे थर असलेले, टायर बसवले आहेत. सुरुवातीच्या मायनरला ५.००-१४ मापाचे (रुंदी आणि रिमचा व्यास, इंचांत) टायर येत आणि नंतरच्या गाड्यांना ५.२०-१४, आम्ही त्याच रिमवर बसणारे ५.२०-१४ इंग्लंडहून मागवले. वडील चालवत असत तेव्हाची गाडीची चाल नागपूरच्या आजच्या रस्त्यांवर परत मिळते का, हे मला पाहायचे होते. ती मिळते, आणि मन भरून येईल इतकी मिळते. मात्र वेग आणि रस्ता दोन्ही पारखून घ्यावे लागतात.

१९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मायनर आली, तेव्हा लहान गाड्यांनाही १६-१७ इंची चाके असत. गाडीचे रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी मुद्दाम १४ इंची चाके घेऊन ती चार कोपऱ्यांकडे सरकवली, म्हणून एवढ्याशा गाडीत चार माणसे नीट बसतात. पुढचे टॉर्शन बार (पीळ खाऊन धक्के झेलणाऱ्या सळ्या), रॅक अँड पिनियन (दातेरी पट्टी आणि चक्राचे) स्टीअरिंग, हे सारे अरुंद आणि उंच क्रॉस-प्लाय टायर गृहीत धरूनच जुळवलेले होते. रेडियलवर गाडी रस्ता घट्ट धरते यात शंका नाही, पण गाडी उभी असताना किंवा अगदी हळू चालताना स्टीअरिंग जड होते आणि चाकांच्या कमानीत टायर खुजा दिसतो. नवे टायर बसल्यावर कमान भरलेली दिसली. नागमोडी पट्ट्यांची ती अरुंद नक्षी पाहून, बंगालमधल्या साहागंजच्या कारखान्यातले डनलप टायर ज्यांनी वापरले आहेत अशा आमच्या काकांचे डोळे लकाकले.

बसवण्याचे काम कॉटन मार्केटजवळच्या एका जुन्या दुकानात करून घेतले आणि ते पाहण्यासारखे होते. यंत्राच्या जबड्याने रिमचा रंग खरवडला जातो, म्हणून कारागिराने साबणाचे पाणी लावून टायर हातानेच चढवला. आत शंखजिऱ्याची पूड हाताने सारखी पसरली, थोडी हवा भरली, ती पूर्ण सोडली आणि मगच पुन्हा भरली. "साहेब, ट्यूबला आत वळी राहिली तर तिथंच फाटते," असे ते म्हणाले. हवेचा दाब २२ पौंडांच्या आसपास ठेवला आहे.

सकाळच्या वेळी सेमिनरी हिल्सच्या चढावर किंवा फुटाळा तलावाच्या बाजूला ४० च्या वेगाने जाताना या टायरांचा खरा गुण कळतो. स्टीअरिंग दोन बोटांनी फिरते, लहान खड्डे मऊ लागतात आणि वळणावर टायर एकदम न सुटता हळूहळू घसरू लागतो, त्यामुळे चालवणाऱ्याला सावरायला वेळ मिळतो.

अडचण आहे ती सिमेंट रस्त्यांची. क्रॉस-प्लायमध्ये दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरपे असतात, त्यामुळे बाजूची भिंत वाकली की रस्त्यावर टेकणारा भागही तिच्याबरोबर ओढला जातो. सिमेंटच्या दोन पट्ट्यांमधल्या लांब सांध्यावर चाक आले की गाडी त्या सांध्याच्या मागे जाऊ पाहते, आणि कडेच्या गट्टूंवर चाक घासले तर स्टीअरिंगला चांगलाच हिसका बसतो. वर्धा रोडवर बाजूने बस जात असताना हा हिसका मुळीच सुखाचा नाही. सांधा तिरका ओलांडायचा आणि स्टीअरिंग सैल हाताने पण सावध धरायचे, ही सवय लावून घ्यावी लागते. ओल्या रस्त्यावर ब्रेकचे अंतर वाढते, त्यामुळे पावसाळ्यात मी गाडी काढणार नाही.

नागपूरच्या उन्हाचाही विचार करायला हवा. हे थर एकमेकांवर घासून आतूनच तापतात, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना दुपारी लांब पल्ला धरणे धोक्याचे आहे. गाडी बराच काळ उभी राहिली तर टायर खालच्या बाजूने चपटे होतात आणि सुरुवातीला धडधड जाणवते. थोडे अंतर गेल्यावर ती थांबते.

रोज ऑफिसला किंवा अमरावतीला हायवेने जाणाऱ्यांनी १५५ आर १४ रेडियलच ठेवावेत. ज्यांची गाडी रविवारी सकाळी शहरात फिरते, त्यांनी हे टायर जरूर घ्यावेत. घेताना बाजूवरचा चार अंकी आकडा पाहावा. पहिले दोन अंक टायर तयार झाल्याचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, आणि जुना साठा कितीही चकचकीत दिसला तरी घेऊ नये. मागवताना चार नव्हे, पाच मागवावेत. पुढे रेडियल आणि मागे क्रॉस-प्लाय अशी जोडी झाली तर वळणावर गाडीचा मागचा भाग अचानक सुटतो, म्हणून स्टेपनीही क्रॉस-प्लायचीच हवी.