मॉरिशसला जायलात तर ईल ओ झेग्रेत बेटाची टूर नक्की करा (रिव्ह्यू)

आपल्या लातूर-नांदेडकडचे लोक पण आता मॉरिशसला जायलेत, पण सगळे बीच, क्रूझ अन् गंगा तलाव करून परत येतात. आमच्या हॉटेलच्या टूरवाल्यानं तर ह्या बेटाचं नावच काढलं नाही, म्हणून मुद्दाम लिहायलो.

महेबुर्गजवळ पॉइंट जेरोमहून बोट सुटते, मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनवाले गाइड देऊन बेट फिरवतात, पाच-दहा मिनिटांत पोचतो. बेट एवढुसं, 26 हेक्टर फक्त, खाली सगळा प्रवाळाचा खडक, वर आबनूसाची जुनी झाडं. मोठाली कासवं पायवाटेवरच बसलेली असतात, गुलाबी कबुतरं पण दिसतात. पण मी गेलो ते चष्मेवाल्या पक्ष्यांसाठी.

आपल्याकडं शेवगा फुलला की येतो ना चष्मेवाला, डोळ्याभोवती पांढरी रिंग असलेला, त्याचे दोन भाऊबंद तिथं आहेत अन् दोघं पण मॉरिशस सोडून जगात कुठंच नाहीत. एक राखी, तो हॉटेलच्या बागेतच दिसतो, थव्यानं फिरतो, उडाला की पाठीमागं कमरेवरचा पांढरा पट्टा चमकतो. किडे, फळं, मध, जे मिळंल ते खातो, त्यामुळं गावात, बागेत कुठं पण निभावतंय त्याचं. धोक्यातल्या जिवांची नोंद ठेवणारी जागतिक संस्था आययूसीएन, तिच्या यादीत त्याची काही काळजी नाही.

दुसरा हिरवट, ऑलिव्ह चष्मेवाला. गाइडनं मधाचं पाणी ठेवलेल्या फीडरपाशी थांबवलं तिथं दिसला, चोच बघितली की लगेच कळतं, राखीपेक्षा लांब, बारीक अन् खाली वाकलेली, फुलात घालायलाच बनलेली. अन् तिथंच त्याची अडचण आहे, त्याला फुलांचं मूळ जंगल लागतं अन् मॉरिशसमधी चांगलं मूळ जंगल 2 टक्क्यांच्या आत उरलंय, बाकी ऊस, चहा अन् बाहेरून आणलेली झाडं. जे उरलंय त्यात जहाजातून आलेले काळे उंदीर अन् माणसानं आणून सोडलेली माकडं घरट्यातली अंडी-पिल्लं खातात. 2001 च्या मोजणीत दीडशेच्या आतच जोड्या निघाल्या, आज तो अतिसंकटग्रस्त आहे. एकाच बेटावरचे, एकाच कुळातले दोन पक्षी, अन् नशिबात एवढा फरक, मला लई वाईट वाटलं खरं सांगतो.

ह्या छोट्या बेटावरचे उंदीर संपवलेत, बाहेरची झाडं काढून मूळची लावलीत, म्हणून हा पक्षी इथं आणून सोडला, वरून रोज खायला ठेवतात. 2020 ला वाकाशियो जहाजातून तेल सांडलं ते ह्याच किनाऱ्याजवळ, तवा काही पक्षी पकडून मोठ्या बेटावर पिंजऱ्यात सुरक्षित ठेवावे लागले होते. एवढी मेहनत डोळ्यानं बघितल्यावर तिकीट महाग वाटत नाही, पैसा जातो पण ह्याच कामाला.

गाइड इंग्रजी अन् फ्रेंच बोलतात, हळू बोला म्हणलं की नीट समजून सांगतात, माझ्या पोरीच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. बुकिंग आधीच करा, सकाळची बोट घ्या कारण नंतर ऊन चढतं. चप्पल नको, बूट घाला, खडक टोचतो. डासांची क्रीम अन् पाणी सोबत ठेवा, दुर्बीण असंल तर विसरू नका. पाच पैकी पाच स्टार.