सुती बेबी कॅरिअर: घर, मंडळी आणि तान्हे बाळ सांभाळताना आठ महिने वापरल्यानंतरचा अभिप्राय

माझे यजमान नगर जिल्ह्यातील एका ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आहेत. पाळकाच्या पत्नीला नेमणुकीचे पत्र मिळत नाही, तरी तिचे काम ठरलेले असते: रविवारी उपासनेआधी संडे स्कूल, गुरुवारी दुपारी महिला मंडळाची प्रार्थना, आजारी आणि शोकात असलेल्या कुटुंबांच्या भेटी, आणि पाळकबंगल्याच्या दारात अवेळी आलेल्या माणसाला घोटभर चहा. मातृत्व लाभाच्या कायद्यानुसार २०१७ पासून त्याच्या कक्षेत येणाऱ्या नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. आमच्या कामाला हजेरीपट नाही, त्यामुळे रजा किती घ्यायची हे घरातच ठरवावे लागते. गेल्या जुलैअखेरीस आमचे दुसरे बाळ शस्त्रक्रियेने जन्मले. थोरली सहा वर्षांची, सासूबाईंचे गुडघे दुखणारे, आणि पाणी दिवसाआड येणारे. अशा घरात आम्ही नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, बाळ चार महिन्यांचे असताना, बाळाला छातीशी बांधून घेण्याचा हा कॅरिअर वापरायला सुरुवात केली. आठ महिन्यांच्या वापरानंतर त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण विकत घेण्याआधी मी जे अभिप्राय वाचले ते बहुतेक बागेत फिरायला किंवा विमानप्रवासाला जाणाऱ्यांचे होते, आणि सतरंजीवर बसून दीड तास चालणाऱ्या प्रार्थनासभेत ही वस्तू कशी वागते हे त्यांपैकी कोणीच सांगितले नव्हते.

दुकानात दोन प्रकार पाहिले. एक म्हणजे सुमारे पाच मीटर लांबीचे, अंगाभोवती गुंडाळून गाठ मारायचे कापड. ते मऊ होते आणि आपल्या साडीच्या झोळीची आठवण करून देणारे होते, परंतु बांधताना त्याची टोके जमिनीवर लोळतात, आणि चर्चच्या मातीच्या अंगणात रिक्षातून उतरल्यावर ते बांधणे मला जमणार नव्हते. म्हणून दुसरा प्रकार घेतला: जाड सुती कापडाचा, कमरेला रुंद पट्टा, खांद्यांवर भरीव पट्टे आणि तीन बकल असलेला. किंमत २,८५० रुपये पडली. सोबतच्या पुस्तिकेत ३.५ ते १५ किलोपर्यंतची मर्यादा दिली आहे. पुस्तिका इंग्रजी आणि हिंदीत आहे. मराठीत असती तर सासूबाईंना ती स्वतः वाचता आली असती, आणि तान्ह्या बाळाच्या वस्तूबाबत घरातील वडीलधाऱ्यांनी सूचना वाचणे मला फार महत्त्वाचे वाटते.

सुरक्षिततेच्या काही गोष्टी मी आमच्या बालरोगतज्ज्ञांकडून नीट समजून घेतल्या. बाळाचा चेहरा आपल्याला सतत दिसला पाहिजे, मान किंचित वाकवली की त्याच्या कपाळाचा पापा घेता येईल इतके ते वर असले पाहिजे, आणि त्याची हनुवटी छातीला टेकता कामा नये. दोघांमध्ये दोन बोटे मावतील एवढी जागा हवी, कारण लहान बाळाची मान पुढे दुमडली तर त्याचा श्वास अडू शकतो आणि अशा वेळी ते रडतही नाही. चार महिन्यांच्या आतील बाळांना हा धोका अधिक असतो. पायांविषयी सासूबाईंना काळजी होती की असे फाकलेले पाय पुढे वाकडे तर राहणार नाहीत ना. डॉक्टरांनी सांगितले की मांड्यांना एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत आधार मिळून गुडघे बुडाच्या किंचित वर राहिले तर ते खुब्याच्या सांध्याला चांगलेच असते, आणि पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळणे मात्र टाळावे. हे ऐकल्यावर सासूबाई म्हणाल्या, “मग आम्ही कडेवर घ्यायचो तेच की हे.” त्यानंतर त्यांनी शंका घेतली नाही. माझ्यापुरती अडचण वेगळी होती: कमरेचा पट्टा शस्त्रक्रियेच्या टाक्यांवर येत असे. स्त्रीरोगतज्ज्ञांनी होकार दिल्यावरच मी तो बांधू लागले, आणि पहिले काही आठवडे थोडा वर, पोटाच्या मऊ भागावर बांधत असे.

रविवारच्या कामात हा कॅरिअर खरा उपयोगी पडला. नाताळच्या नाटिकेच्या तालमी सुरू होत्या, मेंढपाळांच्या काठ्या आणि देवदूतांचे पंख यांच्यामध्ये बावीस मुले धावत होती, आणि बाळ माझ्या छातीशी निश्चिंत झोपलेले होते. दोन्ही हात मोकळे असल्यामुळे फळ्यावर वचन लिहिता आले, कृतिगीताच्या खुणा करता आल्या, रडणाऱ्या मुलाला जवळ घेता आले. उपासनेत गायन सुरू झाले की बाळ अधिक गाढ झोपत असे. गाताना छातीत होणारी थरथर त्याला जाणवत असावी असे मला वाटते. मात्र एक दोष इथेच लक्षात आला आणि तो लहान नाही. मानेला आधार देणारी टोपी चिकटपट्टीने (वेल्क्रोने) बसते, आणि ती सोडताना चर्र असा मोठा आवाज होतो. पापांगीकारानंतरच्या शांततेत हा आवाज सबंध चर्चमध्ये ऐकू गेला, बाळ दचकून जागे झाले, आणि मला बाहेर जावे लागले. कमरेचे बकलही मोठ्याने वाजते. ज्या वस्तूचा अर्धा उपयोग झोपलेल्या बाळासाठी आहे, तिला आवाज न करणारी बटणे असायला हवी होती. प्रभुभोजनाच्या विधीच्या वेळी मी बाळाला सासूबाईंकडे देते, कारण गुडघे टेकून परत उठताना बाळाच्या भाराने तोल पुढे जातो.

सतरंजीवर बसण्याबाबत स्पष्ट सांगायला हवे की हा कॅरिअर उभ्या आणि चालत्या माणसासाठी बनवला आहे. मांडी घालून बसले की कमरेचा पट्टा बरगड्यांखाली रुततो आणि बाळाचे पाय आपल्या मांड्यांवर दाबले जातात. घरगुती प्रार्थनासभेत मी पोहोचेपर्यंत तो वापरते, आणि बसताना बाळ सोडवून मांडीवर घेते. कोणी खुर्ची देऊ केली तर आता मी संकोच न करता घेते.

घरभेटींचा अनुभव मला अधिक मोलाचा वाटतो. आमच्या मंडळीतील बरीच घरे अरुंद गल्ल्यांत आहेत, तिथे बाबागाडी चालत नाही, आणि एका हातात पवित्र शास्त्र (बायबल), दुसऱ्या हातात बाळाची पिशवी व कडेवर बाळ अशा स्थितीत मी पहिलटकरीण असताना अनेकदा अर्ध्या वाटेतून परतले होते. या वेळी जानेवारीत, नुकताच पती गमावलेल्या एका आजींकडे गेले. माझ्याजवळ बोलण्यासारखे फारसे काही नव्हते. त्यांनी बाळाच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच राहू दिला. मी ज्या कामासाठी गेले होते ते त्या दिवशी बाळामुळे झाले. तरीही, बाळ सोबत नेता येते म्हणून ते सगळीकडे न्यावे असे नाही. खोकल्याचा किंवा तापाचा रुग्ण असलेल्या घरी आणि रुग्णालयात मी त्याला एकदाही नेले नाही. त्या भेटी यजमानांनी एकट्याने केल्या, किंवा महिला मंडळाच्या भगिनींनी वाटून घेतल्या. दुचाकीवर तर हा कॅरिअर बांधून बसूच नये. पुस्तिकेतही तशी मनाई आहे, आणि रिक्षाचा खर्च मी या वस्तूच्या किमतीतच धरते.

स्वयंपाकघरात याचा उपयोग मर्यादित आहे. भाजी निवडणे, कपडे वाळत घालणे, थोरलीचा डबा भरणे, तिचा अभ्यास घेणे ही कामे सहज होतात. गॅसजवळ मात्र बाळाला बांधून उभे राहणे धोक्याचे आहे. भाकरी थापताना आपण पुढे वाकतो आणि तव्याची धग थेट बाळाच्या पाठीला लागते. पाण्याच्या दिवशी भरलेली बादली उचलणेही टाळावे. सकाळची ही कामे यजमानांनी आणि मी वाटून घेतली: सहा ते साडेसात बाळ त्यांच्या अंगावर, आणि त्यांचे प्रवचनाचे मनन त्याच वेळी अंगणात फेऱ्या मारत. पट्टे त्यांच्या रुंद खांद्यांनाही व्यवस्थित पुरतात, ही या कॅरिअरची जमेची बाजू आहे. खरेदी करताना दोघांनी तो अंगावर चढवून पाहावा असे मी आग्रहाने सांगेन.

कापडाविषयी. हिवाळ्यात ते उत्तम होते. एप्रिलमध्ये उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीनची, ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील सात उद्गारांची उपासना होती. चाळीस मिनिटांत बाळाची छाती आणि माझा ब्लाउज घामाने भिजला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर घामोळे उठले. त्यानंतर उन्हाळाभर सलग वीस मिनिटांपेक्षा अधिक वेळ मी तो वापरला नाही. पावसाळ्यात धुतल्यावर तो वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून रविवारी हवा असेल तर शुक्रवारी धुवून चालत नाही. साडीवर बांधला तर निऱ्या चुरगळतात आणि पदर पट्ट्यात अडकतो, सलवार-कमीज सोयीचा.

महिला मंडळातील एका वडीलधाऱ्या मावशींनी मला बायबलमधील १ शमुवेल या पुस्तकाचा पहिला अध्याय काढून दाखवला. बाळ शमुवेलचे दूध तुटेपर्यंत त्याची आई हन्ना शिलो येथील वार्षिक यज्ञाला गेली नाही, आणि तिचा पती एलकाना याने तिला तसे करू दिले. त्यांनी हे मायेने सांगितले, आणि मी त्यावर अनेक दिवस विचार केला. दुसऱ्या भगिनींनी पंडिता रमाबाईंची आठवण करून दिली, ज्या १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या होत्या. दोन्ही उदाहरणे मला खरी वाटतात. शेवटी मी परगावच्या सभा बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत, म्हणजे ते केवळ अंगावरच्या दुधावर असेपर्यंत, पूर्ण थांबवल्या, आणि चालत जाण्याच्या अंतरावरचे काम सुरू ठेवले. कॅरिअर हाती आल्यावर सगळेच पूर्वीसारखे करता येईल असा मोह पहिल्या महिन्यात मला झाला होता, आणि त्या महिन्यात माझी पाठ इतकी दुखली की रात्री कूस बदलता येईना. ज्या स्त्रीला घरात मदतीचा दुसरा हात नाही, तिने ही वस्तू त्या हाताची जागा घेईल अशा अपेक्षेने घेऊ नये.

वापराच्या पाचव्या महिन्यात टोपीचे एक बंद उसवले. विक्रेत्याने बदली टोपी पाठवायला एकोणीस दिवस लावले आणि तीन वेळा छायाचित्रे मागवली. शिवण मात्र इतरत्र कुठेही सैल झालेली नाही, आणि बकल अजून पहिल्यासारखी घट्ट बसतात.

आता बाळ एक वर्षाचे झाले आहे, साडेनऊ किलोचे आहे, आणि बांधायला घेतले की पाय झाडून खाली उतरू पाहते. मंडळीतील एका तरुण शिक्षिकेला पुढच्या महिन्यात बाळ होणार आहे. तिलाही संडे स्कूलचा वर्ग सोडायचा नाही. मागच्या रविवारी उपासनेनंतर मी तिच्या हाती धुतलेला कॅरिअर दिला, बाळाऐवजी उशी बांधून हनुवटीखालची दोन बोटे कशी मोजायची ते दाखवले, आणि चार महिने पूर्ण होण्याआधी तो कपाटातून काढायचा नाही असे तिच्याकडून कबूल करून घेतले.