कडेवर अक्षरं असलेली नाणी मांडायची कशात? दात्यांची कॅप्सूल, फिरता चबुतरा आणि आरसा: काही महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. आतून दाते असलेली पारदर्शक कॅप्सूल घ्या, कुरकुर न करता घ्या. हाताने फिरवायचा छोटा चबुतराही घ्या. आरसा मात्र घेऊ नका, निदान अक्षरं वाचण्यासाठी तरी नाहीच.

आता सविस्तर. नाणेसंग्रहासाठी मिळणारं जवळजवळ सगळं सामान नाण्याला दोनच बाजू असतात असं धरून बनवलेलं असतं. पुठ्ठ्याचे स्टेपल मारायचे होल्डर, भोकांचे अल्बम, फोमची काळी रिंग असलेल्या कॅप्सूल, यांतली एकही वस्तू कडेचा विचार करत नाही. कड ही त्यांच्या लेखी नाणं अडकवून ठेवायची जागा. दातेरी किंवा गुळगुळीत कडेच्या नाण्यांचं यात काही बिघडत नाही. पण अमेरिकेचे २००७ पासूनचे अध्यक्षीय डॉलर घ्या. त्यांचं साल आणि टांकसाळीची खूण फक्त कडेवर आहे. असा डॉलर अल्बमच्या भोकात बसवला की तो कधी आणि कुठे पाडला हेच कळेनासं होतं. २००७ च्या जॉर्ज वॉशिंग्टन डॉलरांपैकी बरेच कडेवर काहीही न उमटता टांकसाळीतून बाहेर पडले होते. संग्राहक त्यांच्यासाठी जादा मोजतात, आणि अल्बममध्ये ते शेजारच्या साध्या डॉलरपेक्षा तसूभरही वेगळे दिसत नाहीत.

म्हणून दात्यांची कॅप्सूल. रचना अगदी साधी. दोन पारदर्शक झाकणं, मध्ये पारदर्शक रिंग आणि तिला आतून चार बारीक दाते. नाणं त्या दात्यांवर तोललेलं राहतं आणि उरलेली कड उघडी दिसते. रिंग काळी किंवा पांढरी असेल तर काही उपयोग नाही, हे खरेदी करताना नीट पाहून घ्यावं, कारण चित्रात सगळ्या सारख्याच वाटतात.

अडचण आहे ती दात्यांचीच. चार दाते म्हणजे चार ठिकाणी अक्षरं झाकली जाणार. इटलीच्या दोन युरोच्या नाण्याला याचं काहीच वाटत नाही, कारण त्याच्या कडेवर ‘२’ आणि तारा एवढंच सहा वेळा येतं, एकदा सुलट, एकदा उलट. दोन-तीन जागा झाकल्या तरी अर्थ लागतो. जर्मनीच्या दोन युरोवर ‘आइनिगकाइट उंड रेश्ट उंड फ्रायहाइट’ हे अख्खं घोषवाक्य आणि शेवटी गरुड. तिथे जरा खटपट करावी लागते. झाकण बंद करण्याआधी लाकडी टूथपिकने नाणं हलकेच फिरवायचं आणि निदान गरुड तरी दात्याआड जाणार नाही असं बघायचं. सगळ्यात हट्टी निघालं ते ब्रिटनचं दोन पौंडांचं जुन्या धाटणीचं द्विधातू नाणं. ‘स्टँडिंग ऑन द शोल्डर्स ऑफ जायंट्स’ हे न्यूटनची आठवण करून देणारं वाक्य त्याच्या कडेभर पसरलंय. चारही दाते शब्दांमधल्या मोकळ्या जागी आणणं काही जमत नाही, एखादं अक्षर आड जातंच. तीन दात्यांची कॅप्सूल कुणी बनवली तर मी रांगेत पहिली उभी राहीन.

वापरताना लक्षात आलेली दुसरी गोष्ट म्हणजे नाणं आत सरकतं. दोन युरोचा व्यास २५.७५ मिमी आणि कॅप्सूल २६ ची. पाव मिलिमीटरची फट तशी काहीच नाही, पण पेटी उचल-ठेव करताना नाणं थोडं थोडं फिरत राहतं आणि नीट मधोमध आणलेला गरुड कधीतरी दात्यामागे जाऊन बसलेला असतो. मी आता कॅप्सूलच्या बाहेरून, मागच्या बाजूला, मार्करने बारीक ठिपका काढून ठेवते. नाणं कुठून कुठे गेलं ते कळतं. नाण्याला गोंदाचा ठिपका लावा असा सल्ला कुणी दिला तर त्याच्याकडून नाणी विकत घेऊ नका.

व्यासाइतकंच जाडीकडेही बघा. ब्रिटनचा जुना गोल पौंड २२.५ मिमी व्यासाचा, पण जाडी ३.१५ मिमी. व्यासाने अचूक बसणाऱ्या कित्येक कॅप्सूल त्याच्यावर बंदच होत नाहीत, आणि जबरदस्तीने दाबल्या तर रिंगेला तडा जातो. आणि कडेच्या संग्रहात हा पौंड हवाच. १९८३ पासून २०१७ मध्ये चलनातून जाईपर्यंत त्याच्या कडेने किती रूपं घेतली! बहुतेकांवर ‘डेकस एट ट्यूटामेन’, म्हणजे शोभा आणि संरक्षण. स्कॉटलंडच्या चिन्हांच्या नाण्यांवर ‘नेमो मी इम्प्यूने लासेसित’, वेल्सच्या नाण्यांवर वेल्श राष्ट्रगीतातली ओळ, आणि २००४ ते २००७ च्या पुलांच्या मालिकेत अक्षरांऐवजी नक्षी. या पौंडाच्या खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला होता, आणि खोटं ओळखायची एक सोपी खूण कडेवरच असायची. चित्र स्कॉटलंडचं आणि कडेवरची ओळ भलतीच, किंवा अक्षरं पुसट आणि वाकडीतिकडी. माझ्या मांडणीत एक खोटा पौंड खऱ्याच्या शेजारी मुद्दाम ठेवलाय. बघायला येणारे सगळ्यात जास्त वेळ तिथेच थांबतात.

‘डेकस एट ट्यूटामेन’ची कथा त्याहून जुनी आहे. चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरून चांदी चोरण्याचा धंदा जोरात असताना दुसऱ्या चार्ल्सच्या १६६२ च्या क्राउन नाण्यावर हे शब्द आले. कड कातरली की अक्षरं जाणार आणि चोरी उघडी पडणार, हा हेतू. ते क्राउन माझ्याकडे नाही, असण्याची शक्यताही नाही.

उठावाच्या अक्षरांची गोष्ट वेगळी. स्वित्झर्लंडच्या पाच फ्रँकवर ‘डोमिनस प्रोविडेबिट’ आणि तेरा तारे उठावात असतात. खोलगट अक्षरांचं नाणं दात्यांवर सपाट भागाने टेकतं, पण हे थेट अक्षरांच्या डोक्यांवर टेकतं. वजन सव्वातेरा ग्रॅमच्या आसपास. कॅप्सूल हलली की तेच तेच टोक घासलं जातं. काही महिन्यांनी भिंगाखाली पाहिलं तेव्हा एका ताऱ्याचं टोक शेजारच्यांपेक्षा जास्त चकचकीत दिसलं. चलनातून आलेलं नाणं असल्याने जीव हळहळला नाही, पण न वापरलेलं नाणं असतं तर मी ते दात्यांवर ठेवलं नसतं. याच नाण्याच्या १९८५ ते १९९३ च्या खेपेत अक्षरं खोलगट होती. त्यांची नक्कल करणं सोपं जात असल्याने ती पुढे चलनातून काढून टाकली आणि १९९४ पासून पुन्हा उठाव आला. दोन्ही शेजारी ठेवली की फरक कुणालाही सांगावा लागत नाही.

आता चबुतरा आणि उजेड, कारण खरा पैसा इथे वसूल होतो. चबुतऱ्याचा वरचा भाग नाण्यापेक्षा लहान हवा, म्हणजे नाणं चारही बाजूंनी किंचित बाहेर येतं. उंची अशी की कड डोळ्यांच्या पातळीवर येईल. मोटरवाला घेऊ नका. तो आपल्या लयीत फिरतो आणि हवं ते अक्षर नेमकं निसटून जातं. हाताने फिरवायचा आपल्या वाचण्याच्या गतीने चालतो. उजेडाबाबत बहुतेकांचा समज असा की दिवा समोरून मारला की अक्षरं उजळतील. होतं उलटं. कड उभी असते, त्यामुळे समोरून आलेला प्रकाश तिच्यावर सपाट पडतो आणि खोलगट अक्षरं गायब होतात. एकच छोटा एलईडी वर, नाण्याच्या किंचित पुढे धरा. प्रकाश कडेवरून घसरत खाली येतो, प्रत्येक अक्षराच्या वरच्या काठाखाली सावली धरते आणि झिजलेल्या नाण्यावरचंही नाव उमटून येतं. दोन दिवे लावू नका, एकाची सावली दुसरा खातो.

आरशाबद्दल. माझ्या स्टँडबरोबर नाण्यामागे ४५ अंशांत बसवायची आरशाची पट्टी आली होती. कल्पना चांगली वाटते, एकदम पुढची आणि मागची कड दिसेल. पण आरशात अक्षरं उलटी दिसतात, आणि लॅटिन भाषा, त्यातही उलटी, कोण वाचत बसणार? शिवाय साध्या आरशात काचेचा पुढचा पृष्ठभागही थोडा परावर्तित होतो, त्यामुळे प्रत्येक अक्षराला फिकट जोडीदार येतो. वरच्या थरावर लेप असलेला आरसा घेतला तर तो दोष जातो, पण त्याच्यावर बोट लागलं की लेप गेला. फोटोसाठी शंकूच्या आकाराचा आरसा मात्र कामाचा आहे. नाणं मधोमध ठेवून वरून कॅमेरा धरला की अख्खी कड एका वर्तुळात येते, मग फोटो संगणकावर उलटवून घ्यायचा.

फोटोवरून मी प्रत्येक नाण्याखाली कडेची उलगडलेली पट्टी लावते, दुप्पट मापात. दोन युरोचा परीघ ८१ मिमीच्या आसपास, म्हणजे पट्टी साधारण सोळा सेंटिमीटरची. पाहुणे नाण्यापेक्षा पट्टीच वाचतात हे खरंय. पण मग दात्याआड गेलेल्या अक्षरांचा प्रश्न मिटतो.

पट्टी लावायला लागल्यापासून एक गंमत मांडता येते. जर्मनीची दोन युरोची दोन नाणी घ्या, दोन्हींची गरुडाची बाजू वर. एकाची कड सुलट वाचता येते, दुसऱ्याची उलटी. यात दोष काही नाही. कोऱ्या चकतीवर आधी अक्षरं उमटवतात, मग ती चकती ठसे उमटवायच्या यंत्रात कोणत्याही बाजूने पडते. दोन पौंडांचंही तसंच. तरी ‘उलटी कड, दुर्मिळ’ म्हणून ही नाणी विकायला असतात. विकणाऱ्यांचा धंदा चालू द्या, आपण तसं नाणं चलनातूनच उचलावं.

जुन्या नाण्यांची तऱ्हा आणखी वेगळी. सतराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये कास्तँ नावाच्या माणसाने आणलेल्या यंत्रात चकती दोन समांतर पट्ट्यांमध्ये, दोन तळव्यांत पेन्सिल फिरवावी तशी, फिरवली जायची. प्रत्येक पट्टीवर अर्धा मजकूर. चकती घसरली की अक्षरावर अक्षर चढायचं. अमेरिकेच्या १८३६ पर्यंतच्या अर्ध्या डॉलरांवर ‘फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर’ असं असतं आणि त्यांत अशी गोंधळलेली कड अधूनमधून सापडते. अशा नाण्याला चबुतऱ्यावरच न्याय मिळतो.

हाताळणी हा या छंदातला विनोदच आहे. नाणं नेहमी कडेने धरावं, असं प्रत्येक पुस्तक सांगतं, आणि इथे कडच तर जपायचीय. पातळ नायट्रिल ग्लोव्हज वापरा. सुती ग्लोव्हजचे धागे अक्षरांत अडकतात आणि नाणं निसटतंही. अमेरिकी डॉलरच्या बाहेरच्या मँगनीज-पितळेवर तर उघड्या बोटाचा ठसा काही आठवड्यांत तपकिरी होऊन बसतो.

अक्षरांच्या खोबणीत मळ असेल तर टोचून काढू नका. शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवून ठेवा, घासू नका. त्याने तेलकट घाण आणि पीव्हीसी पाकिटांचा हिरवा चिकटा निघतो, धातूचा रंग बदलत नाही. मात्र नाणं पूर्ण कोरडं झाल्यावरच कॅप्सूलमध्ये घाला. अॅसिटोन अॅक्रिलिकला खातो आणि कॅप्सूल आतून धुरकट होते, मग ती फेकूनच द्यावी लागते.

धूळ ही खरी तक्रार. प्लॅस्टिकवर स्थिर वीज जमते आणि बारीक तंतू नेमके दात्यांच्या खाचांत जाऊन बसतात. कोरड्या हवेत जास्तच. ओलसर मायक्रोफायबरने बाहेरून पुसलं की काही दिवस बरं चालतं. चांदीची नाणी असतील तर पेटीला आतून मखमल किंवा रबर लावू नका. त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते, आणि अक्षरांच्या कडांपासून सुरुवात होते.

एक नाणं अजून या व्यवस्थेत बसलेलं नाही. मारिया थेरेसा थेलर, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राणीचं चांदीचं नाणं, १७८० साल टाकून पुढची दोनेक शतकं पाडत राहिलेलं, कडेवर ‘युस्टिटिया एट क्लेमेंटिया’. सुमारे ४० मिमीचं हे धूड पेलणारी दात्यांची कॅप्सूल मला मिळाली नाही. सध्या ते दाते नसलेल्या मोठ्या पारदर्शक कॅप्सूलमध्ये, खाली पॉलिस्टरच्या फिल्मची घडी देऊन ठेवलंय. झाकण लावून चबुतऱ्यावर फिरवलं तर कड दिसते, पण काचेआडून दिसावी इतपतच. कुणाला या मापाची चार दात्यांची रिंग मिळाली असेल तर मापासकट कळवा.